नाताळात मुलांना आलेल्या नको असलेल्या भेटवस्तू ऑनलाइन कशा विकाव्यात

गोव्यात नाताळच्या भेटवस्तू फक्त ख्रिस्ती घरांतच येतात असं नाही. शाळेत सीक्रेट सांता असतो, बिल्डिंगमध्ये सांता येतो, शेजारची आंटी कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या गोडधोड फराळाच्या, ताटाबरोबर मुलासाठी काहीतरी गुंडाळून पाठवते, आणि दुबई-कुवेतहून किंवा बोटीवरून सुट्टीवर आलेला एखादा काका चॉकलेटांसोबत रिमोटची गाडी घेऊन येतो. कुस्वाराची परतफेड आपण दिवाळीच्या फराळाने केलेली असते, तो हिशेब चुकता. खेळण्यांचं मात्र काय करायचं ते कळत नाही. तीच पझल दोनदा आलेली असते, आठ वर्षांच्या मुलीला तीन वर्षांच्या बाळाचा ठोकळ्यांचा सेट मिळालेला असतो, आणि पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये माळा आधीच भरलेला असतो.

हे सगळं ऑनलाइन विकता येतं. पहिल्यांदाच विकणार असाल तर पुढचं वाचून मगच फोटो काढायला घ्या.

आधी ठरवा: पैसे हवेत की जागा?

दोन्ही एकदम मिळत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. जागा हवी असेल तर सगळ्याचा एक गठ्ठा करा, एक फोटो काढा, कमी किंमत लावा आणि दोन दिवसांत मोकळे व्हा. पैसे हवे असतील तर प्रत्येक वस्तूची जाहिरात वेगळी, फोटो वेगळे, आणि 'अजून आहे का?' या प्रश्नाला रोज उत्तर द्यायची तयारी हवी. माझं मोजमाप साधं आहे: ज्या वस्तूचे ३०० रुपयेसुद्धा येणार नाहीत तिची वेगळी जाहिरात करायची नाही. ती गठ्ठ्यात टाकायची.

मुलाला विचारा, पण नीट विचारा

वस्तू मुलाची आहे. 'हे तुला नकोच ना?' असं विचारलं की मूल एकतर सगळं कवटाळून बसतं किंवा आपल्याला खूश करायला मान डोलावतं. त्याऐवजी सगळं जमिनीवर मांडा आणि 'यातलं काय काय ठेवायचं?' असं विचारा. जे उचललं जात नाही ते खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावरही त्याची आठवण निघाली नाही तर ते विकायला मोकळं. पैशांचं काय करणार तेही आधीच सांगून टाका. सायकलसाठी साठवणार असाल तर तसं सांगा, म्हणजे मूल स्वतःच आणखी दोन वस्तू आणून देतं.

जाहिरात, खातं, व्यवहार हे सगळं मात्र पालकाच्या नावावर हवं. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीला करार करता येत नाही. चौदा वर्षांचा मुलगा मोबाइलमध्ये आपल्यापेक्षा हुशार असला तरी ग्राहकाशी बोलणं तुम्हीच करा.

बदलून मिळतं का ते आधी पाहा

विकण्यापेक्षा बदलून घेणं केव्हाही फायद्याचं, कारण त्यात पूर्ण किंमत वसूल होते. दुकानातून घेतलेली वस्तू बिलासह आणि न उघडता नेली तर बरेच दुकानदार बदलून देतात. ऑनलाइन मागवलेली असेल तर परत करायची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि ती सोय देणाऱ्याच्या खात्यात असते, म्हणजे त्याला सांगावंच लागणार. सरळ म्हणा, 'काका, हीच गाडी आणखी एकाने दिली, बदलून घेऊ का?' भेट दोनदा आली याचा राग कुणी धरत नाही. आपण दिलेली गाडी फेसबुक मार्केटप्लेसवर 'एकदाही वापरलेली नाही' म्हणून झळकताना दिसली की मात्र माणूस दुखावतो.

आणि ती दिसतेच. गोव्यात कुठल्याही दोन माणसांमध्ये तिसरा ओळखीचा निघतो. म्हणून भेटीवरचं नावाचं लेबल, शुभेच्छांची चिठ्ठी, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं 'लाडक्या अमुकला' हे सगळं फोटोआधी पाहा. पान फाडू नका. नाव लिहिलेलं पुस्तक विकायचंच नाही, घरात ठेवायचं. परदेशातून आलेल्या काकांचं खेळणं ते परत गेल्यावर विकायला काढलेलं बरं. याला कुणी लबाडी म्हणेल, मी शिष्टाचार म्हणतो.

काय विकायचं नाही

उघडलेला स्लाइम, क्ले, मुलांचा मेकअप, चेहऱ्यावर लावायचे रंग यांची जागा कचऱ्याच्या डब्यात. ज्या खेळण्यात बटणाएवढी चपटी बॅटरी आहे आणि तिचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते कुणालाच देऊ नका. अशी बॅटरी मुलाने गिळली तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते. बारीक पण जोरदार लोहचुंबकांच्या गोळ्यांचंही तेच. एकापेक्षा जास्त पोटात गेल्या तर त्या आतड्याच्या घड्यांमधून एकमेकींना चिकटतात. सायकलचं हेल्मेट एकदा जरी आपटलेलं असेल तरी विकू नका.

परदेशातून आलेल्या वस्तूंकडे जरा जास्त बघावं लागतं. भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. काकांनी बॅगेतून आणलेल्या खेळण्यावर ते नसणार. अशा खेळण्याची गावभर जाहिरात करण्यापेक्षा ते ओळखीत द्यावं. ड्रोन तर विकायच्या यादीतून काढूनच टाका. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, आणि दक्षिणेला दाबोळी, उत्तरेला मोपा असे दोन विमानतळ असलेल्या आपल्या चिमुकल्या राज्यात ते उडवायचं कुठे हाही प्रश्नच. वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम घातले आहेत. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो हे डब्यावर स्पष्ट नसलेला संच विकायला ठेवू नका.

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. आखाती देशांतून किंवा इंग्लंडहून आलेल्या चार्जरला तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो. तो आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, पण वीज साधारण आपल्याएवढ्याच दाबाची असल्याने अॅडॅप्टर लावून चालतो. अमेरिकेतली वीज मात्र १२० व्होल्टची असते. चार्जरवर 'इनपुट १००–२४० व्ही' असं छापलेलं असेल तर ठीक. नुसतं १२० असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावताच जळेल. अशा वेळी खेळणं चार्जरशिवाय विका आणि जाहिरातीत तसं लिहा.

तपासणी: एक संध्याकाळ इथे घालवा

विक्री फिसकटते ती बहुधा इथे. रिमोटची गाडी असेल तर छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि बॅटरीचं झाकण उघडा, गाडीचं आणि रिमोटचं, दोन्ही. आतल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर बॅटरी गळलेली आहे. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंचित भिजवून पुसा, कोरडं करा, नव्या बॅटऱ्या घालून चालवून पाहा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, चारही. डावीकडे न वळणारी गाडी विकली जाते, पण 'डावीकडे वळत नाही' हे आधी लिहिलेलं असेल तरच. तपासून झालं की बॅटऱ्या काढून ठेवा.

पझल उघडलेली असेल तर एकदा पूर्ण लावा. हाच एक खात्रीचा उपाय. हे काम मुलांना द्या, सुट्टीची दुपार जाते. लेगोच्या डब्यावर सेटचा क्रमांक छापलेला असतो. त्यावरून कंपनीच्या संकेतस्थळावर बांधणीची पुस्तिका फुकट मिळते आणि बहुतेक सेटच्या पुस्तिकेत शेवटी सुट्या भागांची यादी असते. त्या यादीशी ताडून पाहा. माणसांचे पुतळे पूर्ण आहेत का हे सगळ्यात आधी, कारण घेणारा तेच आधी विचारतो.

हॉट व्हील्सच्या गाड्या पाकीटबंद असतील तर फोडू नका. संग्राहक पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला आहे का तेसुद्धा बघतात. 'ट्रेझर हंट' या मुद्दाम कमी संख्येने काढलेल्या प्रकारच्या गाडीवर वर्तुळातल्या ज्योतीचं छोटं चिन्ह असतं. 'सुपर' प्रकारात गाडीवर टीएच ही अक्षरं आणि खऱ्या रबराची चाकं असतात. तशी एखादी निघाली तर ती गठ्ठ्यात टाकायची नाही, आधी संग्राहकांच्या ग्रुपवर भाव पाहायचा.

मऊ खेळणी उशीच्या अभ्र्यात घालून मशीनमध्ये धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. गोव्याच्या दमट हवेत अर्धवट वाळलेलं अस्वल आठवड्यात वास मारायला लागतं.

फोटो आणि मजकूर

सकाळी नऊच्या सुमारास बाल्कनीत, पांढऱ्या चादरीवर. पाच फोटो पुरतात: समोरून, मागून, डब्यावरची एमआरपी आणि वय, सगळे सुटे भाग एकत्र मांडून, आणि असेल तर दोष जवळून. मुलाचा चेहरा, शाळेचा गणवेश, घराचा नंबर, स्कूटरची पाटी यातलं काहीही मागे दिसता कामा नये. 'माझी मुलगी खेळतानाचा व्हिडिओ' टाकायचा मोह होतो. टाकू नका.

मजकूर साधा, पण माणसाने पुढे काही विचारायची गरज उरणार नाही असा:

'रिमोट कंट्रोल जीप, सहा वर्षांपुढील मुलांसाठी. नाताळची भेट, दोनदा आल्यामुळे विकतोय. डबा उघडला आहे, चालवून पाहिली आहे, चारही दिशांना चालते. रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात, ते दिलेले नाहीत. डब्याच्या एका कोपऱ्याला चेपलंय, फोटो पाहा. किंमत ७०० रुपये. म्हापसा, संध्याकाळी सहानंतर. रोख किंवा यूपीआय.'

मराठीत लिहा आणि खाली दोन ओळी इंग्रजीत द्या. गोव्यात घेणारा कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी काहीही बोलणारा असू शकतो, आणि शोधताना तो बहुतेकदा 'टॉय कार' असंच टाइप करतो.

किंमत

डब्यावरची एमआरपी विसरा. घेणारा तुमच्यासमोर उभा राहून मोबाइलवर तीच वस्तू आज कितीला मिळते ते बघतो. तुम्हीही तेच बघा. सीलबंद वस्तूला त्या भावाच्या साठ-सत्तर टक्के, डबा उघडलेली पण न वापरलेली असेल तर निम्मे, डबाच नसेल तर तिसरा हिस्सा, हा माझा अंदाज आहे आणि तो सहसा चुकत नाही. त्यात घासाघिशीसाठी पन्नास-शंभर वर ठेवा. 'फायनल कितल्याक दितलो?' (शेवटचं कितीला देणार?) हा प्रश्न येणारच, आणि काहीच कमी न करणारा विक्रेता इथे उद्धट ठरतो.

वेळही पाहा. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात कुणाला फुरसत नसते, रस्ते पर्यटकांनी तुंबलेले असतात. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तानंतर लोक घरी सापडतात. सिनेमातल्या पात्रांची खेळणी लगेच काढा, त्यांचा भाव पडत जातो. विज्ञानाचे प्रयोग, चित्रकलेचे संच, बोर्ड गेम यांना शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीआधी पुन्हा मागणी येते. मात्र वरच्या वर्गांचं शैक्षणिक वर्ष गोव्यात २०२५ पासून एप्रिलातच सुरू होतं, त्यामुळे मोठ्या मुलांच्या पालकांचं लक्ष एप्रिलात वह्या-पुस्तकांकडे असतं. आणि काही झालं तरी जूनपर्यंत ठेवू नका. पहिल्या पावसात पुठ्ठ्याच्या डब्याला बुरशी धरते आणि सीलबंद वस्तूची किंमत डबा नसलेल्या वस्तूएवढी होते.

कुठे विकायचं

सुरुवात बिल्डिंगच्या किंवा वाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. घेणारा चप्पल घालून येतो, फसवणुकीचा प्रश्न नाही. शाळेच्या ग्रुपवर टाकण्याआधी अॅडमिनला विचारा, आणि भेट त्याच वर्गातल्या मुलाकडून आलेली असेल तर तिथे अजिबात नको. त्यानंतर फेसबुक मार्केटप्लेस आणि ओएलएक्स. अॅमेझॉन-फ्लिपकार्टवर विकायला विक्रेता म्हणून नोंदणी आणि जीएसटीची कागदपत्रं लागतात. चार खेळण्यांसाठी तो खटाटोप कुणी सांगितलाय.

जाहिरातीत ठिकाण नेमकं टाका. नुसतं 'गोवा' लिहिलं तर मडगावचा माणूस चौकशी करतो, तुम्ही म्हापशाला आहात हे कळल्यावर गायब होतो. म्हापसा ते मडगाव साधारण ४५ किलोमीटर. ५०० रुपयांच्या खेळण्यासाठी मांडवी आणि झुआरी असे दोन्ही पूल ओलांडून कुणी येत नाही. नोकरीला रोज पणजीला जाणारे असाल तर 'पणजीत दुपारच्या सुट्टीत देता येईल' असं लिहा. त्या एका ओळीने अर्धा गोवा तुमचा ग्राहक होतो.

पैसे घेताना

फसवणुकीचा ठरलेला प्रकार असा. समोरचा घासाघीस न करता लगेच 'घेतो' म्हणतो. आपण लष्करात किंवा नौदलात आहोत, नुकतीच इथे बदली झाली आहे, असं सांगतो. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. वास्कोत नौदलाचा तळ आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे ते खरं वाटतं. मग एक क्यूआर कोड येतो: 'हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील.' इथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआर कोडची युक्ती चालूच आहे.

दुसरा प्रकार पैसे भरल्याच्या खोट्या स्क्रीनशॉटचा. स्क्रीनशॉट आणि एसएमएस यांना किंमत देऊ नका. बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तरच वस्तू हातात द्या. 'चुकून ७००च्या जागी ७००० आले, ६३०० परत पाठवा' असा फोन आला तरीही आधी शिल्लक. फसलातच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

खेळण्यांच्या पैशांवर प्राप्तिकर लागेल का, असं काही जण विचारतात. घरातलं वैयक्तिक वापराचं सामान विकणं यात भांडवली नफ्याचा कर येत नाही. दागिने, चित्रं वगैरेंची गोष्ट वेगळी. विकण्यासाठीच खेळणी विकत आणायला लागलात तर तो धंदा झाला.

वस्तू देताना

वर्दळीच्या जागी भेटा: बसस्टँड, बँकेसमोर, तिंटोवर म्हणजे गावच्या बाजाराच्या चौकात. घरी बोलवायचं तर तळमजल्यावर. रिमोटच्या वस्तूसाठी सेल बरोबर न्या आणि तिथेच चालवून दाखवा, म्हणजे रात्री फोन येत नाही.

गोव्याबाहेर पाठवायचं झालं तर आधी डबा मोजा. बरेच कुरिअरवाले वजनापेक्षा आकारमान बघतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५०००ने भागायचं. ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा डबा म्हणजे ४.८ किलो, आतली गाडी ८०० ग्रॅमची का असेना. हा खर्च घेणाऱ्याला आधी कळवा. पोस्टाने पाठवताना सुट्या बॅटऱ्या आत ठेवू नका, आणि लिथियमची बॅटरी असेल तर काउंटरवर आधी विचारा, विमानाने जाणाऱ्या पार्सलात तिच्यावर बंधनं असतात. बांदा, सावंतवाडीपर्यंतचं पार्सल ओळखीच्या बसवाल्याकडे देता येतं, पण ते ओळखीवरच.

गठ्ठ्यातूनही जे उरेल ते धुऊन-पुसून जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या, आधी विचारून. मोडलेलं विजेचं खेळणं तिथे नको, ते ई-कचऱ्यात.

आणि वस्तू गेली की जाहिरात त्याच संध्याकाळी काढून टाका. नाहीतर 'अजून आहे का?' विचारणारे शिगम्यापर्यंत येत राहतात.